केलेला अपवाद, सापडलेला अपवाद

मालवणच्या बाजारपेठेत चहाच्या टपरीवर वाद सुरू व्हायला फार काही लागत नाही. एकजण ठोकून देतो, "मालवणी माणूस माशाशिवाय जेवचोच नाय." दुसऱ्याला आपले आजोबा आठवतात. ते माळकरी, उभ्या जन्मात मासळीला शिवले नाहीत. तो तसं सांगतो. पहिला मुळीच डगमगत नाही. "मगे? अपवादानच नियम सिद्ध होता!" बाकीचे माना डोलावतात आणि आजोबा बिचारे स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार ठरतात.

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यातली गंमत जाणवेनाशी होते. एखाद्या दाव्याविरुद्ध पुरावा समोर आला की दावा लंगडा पडायला हवा. इथे तो उलट मजबूत होतो. एका माळकऱ्याने जो नियम एकदा सिद्ध होतो, तो शंभर माळकऱ्यांनी शंभरदा सिद्ध व्हावा; आणि अख्ख्या तालुक्याने तुळशीची माळ घातली तर त्याच्याइतकं सिद्ध जगात दुसरं काही उरू नये!

वाक्य मूळचं इंग्रजी: 'द एक्सेप्शन प्रूव्ज द रूल'. शब्दशः मराठी होऊन ते आपल्याकडे इतकं रुळलं की परकं वाटत नाही. खुद्द इंग्रजीतही ते असंच, हरत आलेल्या बाजूची शेवटची काठी म्हणून वापरलं जातं. पण मुळात ते वेडगळ नाही. एका विशिष्ट प्रसंगी ते तंतोतंत खरं असतं, आणि तो प्रसंग पाहायला टपरीवरून उठून शेजारच्या खानावळीपर्यंत गेलं तरी पुरे.

सोमवारची पाटी

कोकणात सोमवार पाळणारी घरं पुष्कळ. कुणकेश्वर, आचऱ्याचा रामेश्वर अशी शंकराची मोठी ठाणी याच किनाऱ्यावर, त्यामुळे सोमवारी चुलीवर मासळी चढत नाही. समजा एका खानावळीच्या दारावर खडूने लिहिलंय: 'सोमवारी मासळी मिळणार नाही.' पाटीवर एवढंच, दुसरं अक्षर नाही.

गुरुवारी दुपारी घाटावरून आलेलं एक कुटुंब ही पाटी वाचतं, आत शिरतं आणि बिनदिक्कत चार सुरमई थाळ्या सांगतं. गुरुवारी मासळी मिळते हे त्यांना कोणी सांगितलं? पाटीवर गुरुवारचं नावही नाही. तरी त्यांचा अंदाज बरोबर आहे, आणि त्याला नुसता अंदाज म्हणणंही कमीपणाचं. त्यांच्या डोक्यात क्षणभरात जे घडलं ते सावकाश मांडलं तर असं दिसतं. पाटी लिहिणारा खानावळीचा मालक आहे, म्हणजे कोणत्या वारी काय मिळावं हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच. त्याने सात वारांतला एक वार मुद्दाम बाजूला काढला. इथे कधीच मासळी मिळत नसती, तर सोमवार वेगळा सांगण्यासाठी त्याने खडू झिजवला नसता. ज्या अर्थी सोमवार वगळला, त्या अर्थी ज्यातून वगळायचं असा एक सर्वसाधारण नियम आहेच. तो नियम म्हणजे: इथे मासळी मिळते.

नियम कुठेही लिहिलेला नव्हता. अपवादाने तो कळवला. 'अपवादाने नियम सिद्ध होतो' याचा अस्सल अर्थ एवढाच: मुद्दाम केलेला अपवाद हा न लिहिलेला नियम अस्तित्वात असल्याचा पुरावा असतो.

टपरीवरच्या आजोबांना हे लागू पडत नाही, कारण मालवणी माणसाने मासे खावेत असा फतवा कोणी काढला नव्हता आणि त्यातून आजोबांना कोणी सवलत दिली नव्हती. सोमवार हा केलेला अपवाद आहे. आजोबा हा सापडलेला अपवाद. या दोहोंची गल्लत झाली की या वाक्याचा चोथा होतो, आणि नव्वद टक्के वेळा ती होतेच. (ही टक्केवारी माझ्या वैतागाची, कुठल्या पाहणीतली नव्हे.)

स्पेनमधला बाल्बस

युरोपात या युक्तिवादाचं मूळ शोधत गेलं की बोट ठेवलं जातं ते इसवी सनापूर्वी 56 मधल्या रोमच्या एका खटल्यावर. आरोपी लुसियस कॉर्नेलियस बाल्बस, गाव गादेस. म्हणजे आजच्या स्पेनमधलं कादिझ. हेही खारवलेल्या मासळीसाठी नावाजलेलं बंदर. पॉम्पे या सेनापतीने बाल्बसला रोमचं नागरिकत्व दिलं होतं. विरोधकांनी ते बेकायदा असल्याचा दावा लावला. बाल्बसच्या बाजूने उभा राहिला सिसेरो, त्या काळचा सर्वांत गाजलेला वक्ता.

रोमचे वेगवेगळ्या जमातींशी वेगवेगळे तह होते. त्यांतल्या काही तहांत एक कलम असे: या जमातीच्या कोणालाही रोमने नागरिक करून घेऊ नये. गादेसशी झालेल्या तहात असं कलम नव्हतं. सिसेरोने नेमकं हेच पकडलं. काही तहांत मनाई मुद्दाम घालावी लागली, याचा अर्थ मनाई नसेल तिथे नागरिकत्व देता येतं. तसं नसतं, तर ते कलम घालण्याची गरजच काय होती? खानावळीची पाटी आणि हा युक्तिवाद यांत तर्काचा तिळभर फरक नाही. बाल्बस सुटला आणि पुढे इ.स.पू. 40 मध्ये रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च पदाधिकारी झाला.

पुढच्या काळात हा विचार लॅटिन सूत्रात बांधला गेला आणि सतराव्या शतकापासून इंग्लंडचे वकील ते वापरू लागले. सूत्राला एक शेपूट होतं. पूर्ण अर्थ असा: ज्या बाबी वगळलेल्या नाहीत, त्यांच्यापुरता अपवाद नियम सिद्ध करतो. लोकांच्या तोंडी जाताना शेपूट गळालं. तिथेच घोटाळा झाला. शेपटासह वाचलं तर 'सोमवार सोडून इतर वारी' हे उघड दिसतं. शेपूट तोडलं की अपवाद स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देतोय असं वाटू लागतं.

गावठी कोंबडा खाऊ नये

सिसेरोच्या आधी सुमारे शंभर वर्षं आपल्याकडे हाच तर्क एका व्याकरणकाराने मांडून ठेवला होता, तोही खाण्यापिण्याच्याच उदाहरणांनी. पतंजलीच्या महाभाष्याच्या पहिल्याच आन्हिकात प्रश्न येतो की, शुद्ध शब्द शिकवायचे की अशुद्ध शब्द सांगायचे? पतंजली म्हणतो, एक सांगितलं की दुसरं आपोआप कळतं. पाच नखांच्या प्राण्यांपैकी अमुक पाचच खावेत असं म्हटलं, की बाकीचे खाऊ नयेत हे समजतं. आणि उलट बाजूने, गावातला कोंबडा खाऊ नये, गावातलं डुक्कर खाऊ नये असं म्हटलं, की रानातलं चालतं हे समजतं.

दुसरं उदाहरण म्हणजे थेट सोमवारची पाटी. (आज मालवणात कोंबडीवड्यांसाठी गावठी कोंबडीलाच जास्त मान आहे, हा भाग सोडून द्या.) पहिल्या उदाहरणाला मीमांसकांनी 'परिसंख्या' असं नाव दिलं. वाक्य दिसतं परवानगीचं, पण त्याचं खरं काम बाकीच्यांना वगळण्याचं. रामायणात वाली मरता मरता रामाला हाच नियम ऐकवतो: खाण्याजोगे पाच नखांचे प्राणी पाचच, साळिंदर-घोरपड-ससा-कासव वगैरे, माकड त्यात नाही, मग मला मारून तुला मिळालं काय?

पतंजली कधी होऊन गेला हे आपण ज्यांच्यामुळे बऱ्याच खात्रीने सांगू शकतो, त्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा जन्म मालवणचा, 1837 सालचा. 1872 मध्ये त्यांनी 'इंडियन अँटिक्वरी'त पतंजलीच्या काळावर लेख लिहिला. त्यांची पद्धत आपल्या विषयाला फारच जवळची आहे. महाभाष्यात पुष्यमित्र राजाच्या यज्ञाचं एक उदाहरण आहे, वर्तमानकाळी क्रियापदाचं. कोणी यवन साकेत शहराला वेढा घालून बसला होता, हे दुसरं. तिथे वापरलेलं भूतकाळाचं रूप, बोलणाऱ्याने घटना पाहिली नसली तरी त्याला पाहता आली असती अशाच वेळी वापरायचं, असा नियम आहे. पतंजलीने आपला काळ कुठेच लिहिलेला नाही. पण ज्या अर्थी त्याने हे रूप वापरलं, त्या अर्थी तो वेढ्याच्या काळात हयात होता. यावरून भांडारकरांनी पतंजलीला इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर आणून बसवलं. न लिहिलेलं वाचण्याची ही कला खानावळीच्या गिऱ्हाइकाकडे असते तशीच पंडिताकडेही असते. पंडिताला ती अधिक काटेकोरपणे वापरावी लागते, इतकंच.

चौकट: फाउलरची वर्गवारी

हेन्री वॉटसन फाउलर या कोशकाराने 1926 साली इंग्रजी वापराचा एक कोश काढला. त्यात या एका वाक्याचे त्याने पाच वापर दाखवले. पहिला कायद्यातला, अस्सल. त्याचं उदाहरण लष्करी छावणीतलं: 'आज रात्री अकरापर्यंत बाहेर राहण्याची खास परवानगी', म्हणजे एरवी त्याआधी परतायचं असतं. दुसरा शास्त्रातला, जरा गुंतागुंतीचा. तिसरा सैल, बोलण्यापुरता: एखादा अपवाद उठून दिसतो, त्यावरून बाकी सगळीकडे नियम चालतो हे जाणवतं. चौथा, जाणूनबुजून केलेली थट्टा. पाचवा, गंभीर चेहऱ्याने बोललेला मूर्खपणा. आपल्या टपरीवरचा वाद पाचव्यात बसतो. वक्त्याच्या डोळ्यांत मिश्कील झाक असेल तर चौथ्यात.

'प्रूव्ह' म्हणजे तपासणे?

थोडं जास्त वाचलेली मंडळी इथे एक खुलासा देतात. 'प्रूव्ह' या शब्दाचा जुना अर्थ 'तपासणे, कसाला लावणे', म्हणून वाक्याचा खरा अर्थ 'अपवादाने नियमाची परीक्षा होते'. शब्दाला तो अर्थ होता हे खरं. तोफा-बंदुका तपासण्याच्या मैदानाला इंग्रजीत आजही 'प्रूव्हिंग ग्राउंड' म्हणतात. विधान म्हणूनही ते शहाणपणाचं आहे. फक्त या वाक्याचा उगम तो नाही. ज्या लॅटिन सूत्रातून वाक्य आलं, त्याच्या शेपटाशी हा अर्थ जुळत नाही: जे वगळलेलंच नाही, त्याच्यापुरती परीक्षा कसली?

फुरसं पिल्लं घालतं

आता सापडलेल्या अपवादांकडे. निसर्गात पाटी लिहिणारा मालक नसतो, त्यामुळे तिथे सोमवारचा तर्क चालत नाही.

साप अंडी घालतात, असं आपण शाळेत शिकतो. पण कोकणातल्या कातळावर जागोजाग भेटणारं फुरसं अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं घालतं. घोणस तशीच. झाडावरचा हिरवागार हरणटोळही तसाच. इथे कोणी 'अपवादाने नियम सिद्ध होतो' म्हणू लागला तर त्याला थांबवायला हवं. काहीही सिद्ध झालेलं नाही. 'सगळे साप अंडी घालतात' हे विधान चुकीचं ठरलंय, 'बरेच साप अंडी घालतात' एवढंच शिल्लक राहिलंय.

मात्र सापडलेला अपवाद कधी कधी नियमाला खरोखरच बळ देतो. हा फाउलरचा दुसरा, शास्त्रातला वापर. त्याची गोष्ट मजेदार आहे. एक समीक्षक कोणाचंच कधी कौतुक करत नाही. एके दिवशी तो एका निनावी कादंबरीची तोंडभरून स्तुती करतो. नियम मोडला असं वाटतं. मग कळतं की कादंबरी त्याचीच होती! त्याला दुसऱ्याचं चांगलं दिसत नाही, ही आपली खात्री आता पूर्वीपेक्षा पक्की होते.

शास्त्रातलं असं उदाहरण सिंधुदुर्गातच, विजयदुर्गाच्या वाटेवर सापडतं. तिथे ग्रहण पाहायला बांधलेले 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश लोलकातून वेगळा केला तेव्हा निरीक्षकांना एक ठळक पिवळी रेषा दिसली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच ती पाहिली. (लॉकियर विजयदुर्गला आला, पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. या दोन ग्रहणांची सरमिसळ होऊन हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं पुष्कळदा छापलं जातं.)

नियम असा होता की प्रत्येक तेजस्वी रेषेला कोणतं तरी मूलद्रव्य मालक असतं. पिवळ्या रेषा सोडियमच्या, हे ठाऊक होतं. पण ही रेषा त्यांच्यापासून जराशी बाजूला होती. ज्ञात द्रव्यांपैकी कोणीच तिच्यावर हक्क सांगेना. म्हणजे एकतर नियम खोटा, नाहीतर मालक अनोळखी. लॉकियरने दुसरा पर्याय धरला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम म्हटलं. पुष्कळांना तो उतावळेपणा वाटला. 1895 मध्ये लंडनला विल्यम रॅम्से याला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत नेमकी तीच रेषा मिळाली. अपवादाचा उलगडा झाला आणि नियम जास्त घट्ट बसला.

असा हट्ट दरवेळी फळतोच असं नाही. 1869 च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली, तिलाही नवं द्रव्य मानून 'कोरोनियम' नाव दिलं गेलं. सत्तरेक वर्षांनी कळलं की ते प्रचंड उष्णतेने तेरा इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं आपलं साधं लोखंड. तिथे निदान नियम तरी वाचला. बुध ग्रहाच्या कक्षेतला बारीकसा फरक मात्र न्यूटनच्या नियमात कशानेच बसला नाही. त्यासाठी 'व्हल्कन' नावाचा ग्रहही कल्पून झाला. अखेर 1915 मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्याने मांडला. तेव्हा सापडलेल्या अपवादाचं काय करायचं हे त्याचा उलगडा झाल्यावर ठरतं. आजोबांचा उलगडा होऊ शकतो (माळ घातली म्हणून मासे सोडले), पण त्यासाठी टपरीवरच्या नियमालाही 'माळ नसेल तर' अशी पुरवणी जोडावी लागेल.

1 जून ते 31 जुलै

या किनाऱ्यावर केलेल्या अपवादाचं सर्वांत मोठं उदाहरण दर पावसाळ्यात समोर असतं. जून-जुलै हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. महाराष्ट्राच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली राज्याच्या जलधी क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी येते. अलीकडच्या वर्षांतला रुळलेला कालावधी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांचा. आदेशात एक ओळ हमखास असते: पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्या बिगर-यांत्रिक नौकांना ही बंदी लागू नाही.

आता कल्पना करा, बंदरावर कोणाच्या कानावर फक्त ही शेवटची ओळ पडली: 'वल्ह्याच्या होडीला जूनमध्ये मुभा आहे.' मूळ आदेश न वाचताही त्याला कळतं की इंजिनाच्या नौकेला मुभा नाही. इथपर्यंत बाल्बसचा वकील खूश.

पण तोच माणूस पुढे म्हणाला की, बंदी 31 जुलैपर्यंत, म्हणजे 1 ऑगस्टपासून सगळ्यांना सगळं मोकळं, तर तो घसरला. बंदी उठते ती याच एका आदेशापुरती. पर्ससीन जाळ्यांवर हंगामाचे आणि क्षेत्राचे वेगळे निर्बंध आहेत, एलईडीच्या झोतात मासे गोळा करून पकडायला मनाई आहे, परवान्याच्या अटी आहेत. मालवणच्या रापणकरांचा आणि छोट्या होडीवाल्यांचा पर्ससीनवाल्यांशी वर्षानुवर्षं चाललेला झगडा पाहिला की एका नियमाची शांतता म्हणजे सगळ्या नियमांची संमती नसते, हे वेगळं सांगावं लागत नाही. अपवाद ज्या नियमातून काढलेला असतो, त्याच्याबद्दलच बोलतो. शेजारच्या नियमाबद्दल त्याला काही माहीत नसतं.

आणखी एक खड्डा आहे. काही गोष्टी लिहिणारा त्या वगळण्यासाठी लिहीतच नाही, जादा खबरदारी म्हणून लिहितो. अमेरिकेची राज्यघटना मंजुरीला असताना 1788 मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनने नेमकी हीच भीती मांडली होती. सरकारने वृत्तपत्रांची गळचेपी करू नये असं घटनेत लिहिलंत, तर उद्या कोणी म्हणेल, ज्या अर्थी मनाई लिहावी लागली त्या अर्थी एरवी सरकारला वृत्तपत्रांवर काहीतरी अधिकार आहेच. नागरिकांच्या हक्कांची यादी अखेर घटनेला जोडली गेलीच, पण 1791 मध्ये अमलात आलेल्या त्या यादीतली नववी दुरुस्ती मुद्दाम सांगते की, इथे काही हक्क नोंदवले म्हणून लोकांचे बाकीचे हक्क नाकारले असं समजू नये. सोमवारच्या पाटीखाली 'यावरून इतर वारांबद्दल काही अर्थ काढू नये' असं लिहिण्यातलाच हा प्रकार.

किनाऱ्यावर हा फरक ओळखणं जिवाशी येऊ शकतं. समजा तारकर्लीच्या वाळूत पाटी आहे: 'मद्यपान करून समुद्रात उतरू नये.' जुलैच्या उधाणात, शुद्धीवर असलेला एखादा तरुण तिच्याकडे बोट दाखवून म्हणतो, मी प्यायलेलो नाही, म्हणजे मला परवानगी आहे. पाटी लिहिणाऱ्याला मुभेची यादी करायची नव्हती. दरवर्षी जो मूर्खपणा सर्वांत जास्त होतो, तेवढाच त्याने लिहिला. खानावळवाला सोमवार लिहितो तेव्हा सातही वार त्याच्या डोळ्यांसमोर असतात. ही पाटी रंगवणाऱ्यासमोर गेल्या मे महिन्यातले पर्यटक असतात. जीवरक्षक शिट्टी मारून त्या तरुणाला बाहेर काढेल, आणि त्याने सिसेरोचं नाव काढलं तरी ऐकून घेणार नाही.